मॉलमधला गाळा आणि त्याचा हिशेब



आपल्यातले बरेच जण हाती चार पैसे साठले की गाळा घेतात. भाडे ही हलाल कमाई, त्यात व्याजाची भानगड नाही. विचार नेक आहे. परंतु बाजारातला गाळा आणि मॉलमधला गाळा यांत फार फरक आहे, आणि तो मी नुकसान सोसून शिकलो. २००६ साली एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा घेतला. बिल्डरने सगळे गाळे वेगवेगळ्या लोकांना विकले होते. ज्याला जो भाडेकरू मिळाला तो त्याने बसवला. कपड्याच्या दुकानाशेजारी मोबाईल दुरुस्ती, पुढे तीन शटर बंद. सरकता जिना बिघडला तेव्हा पैसे कोणी द्यायचे यावरच वर्ष गेले. गिऱ्हाईक वर चढेना. शेवटी गाळा गोदामासाठी दिला.

आता लोअर परळची फिनिक्स मिल पाहा. १९०५ची ही कापड गिरणी; तिच्याच जागेवर पुढे हाय स्ट्रीट फिनिक्स उभे राहिले. तिथे कंपनीने प्रामुख्याने दुकाने भाड्याने देऊन ताबा आपल्याकडे ठेवला. कोणाच्या शेजारी कोण बसेल, हे एकच मालक ठरवतो. मोठ्या नावाच्या दुकानाला कमी दराने टोकाला जागा देतात, म्हणजे गिऱ्हाईक छोट्या दुकानांसमोरून चालत जाते. जास्त दर या छोट्यांकडूनच वसूल होतो!

भाडेकरू म्हणून जाणाऱ्याने हिशेब असा करावा. समजा, गाळ्याचा कार्पेट एरिया ५०० चौरस फूट आहे, पण भाडे ८०० फुटांवर लावले. दर १०० रुपये, तर भाडे ८०,००० रुपये. देखभाल खर्च फुटाला २० रुपये, म्हणजे १६,०००. झाले ९६,०००, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. कापडात २५ टक्के नफा धरला, तर एवढे फेडायलाच दरमहा ३,८४,००० रुपयांची विक्री हवी. नोकरांचा पगार, वीज अजून बाकीच. करारात बहुधा असेही असते की ठरलेले भाडे किंवा विक्रीतील हिस्सा, जे जास्त असेल ते द्यायचे. हिस्सा १० टक्के असेल, तर विक्री ८ लाखांच्या पुढे गेल्यावर भाडे वाढू लागते. देखभाल खर्च दरवर्षी किती वाढेल आणि मुदतीआधी गाळा सोडता येईल का, ही दोन कलमे सहीपूर्वी वकिलाकडून वाचून घ्या. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि आपण मात्र तोंडी शब्दावर पगडी मोजत आलो.

गाळा न घेताही मॉलमध्ये पैसा लावता येतो. २०२३ साली नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट शेअर बाजारात आला. अनेक मॉलच्या भाड्यातला हिस्सा तो युनिटधारकांना वाटतो. पण असे ट्रस्ट व्याजी कर्जही घेतात आणि भाडेकरूंत दारू विकणारी हॉटेलेही असू शकतात. म्हणून आधी उलमांना विचारावे.

मुलांसाठी हे क्षेत्र मला गुंतवणुकीपेक्षा बरे वाटते. मॉलच्या लीजिंग खात्यात दुकानदार शोधणे, दर ठरवणे, करार करणे हे काम असते. दुकानात वाढलेल्या मुलाला माल आणि गिऱ्हाईक दोन्ही कळतात. त्याला कराराची इंग्रजी आणि संगणकावरचा हिशेब तेवढा शिकवावा लागेल. माझा भाचा सध्या तेच शिकतो आहे. सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जाऊन कोणत्या दुकानातून किती लोक पिशवी घेऊन बाहेर पडतात, ते वहीत टिपत बसतो.