लोभ की हाव?

पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ असे लिहितो. तिथे लोभ म्हणजे माया. सात प्रमुख पापांमध्ये मात्र गर्वाच्या पाठोपाठ येतो तो हाच शब्द! त्यामुळे त्याची धार आपल्याला फारशी जाणवत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (१२:१५) मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्लेओनेक्सिया’. ‘प्लेओन’ म्हणजे अधिक, ‘एखेइन’ म्हणजे जवळ असणे. जे आहे त्याहून आणखी हवे, ही ती ओढ. आपला ‘हाव’ हा शब्द आम्हाला त्याच्या अधिक जवळचा वाटतो. कलस्सैकरांस पत्रात (३:५) संत पौल हाच शब्द वापरतो आणि तिला थेट मूर्तिपूजा म्हणतो.

येशूकडे वाटणीची तक्रार घेऊन आलेला माणूस दुसऱ्याचे मागत होता, असे लूक कुठेही सांगत नाही. त्याला वडिलांच्या मिळकतीतला स्वतःचा हिस्सा हवा होता. सातबाऱ्यावरून भावाशी बोलणे टाकलेले आपणही हेच म्हणतो, “आमचेच मागतो, यात हाव कसली?” येशूने वाटणी करून दिली नाही. हावेपासून जपा, असे त्याने सांगितले, तेही जमलेल्या सगळ्यांना. लगेच पुढे धनवान शेतकऱ्याचा दाखला येतो. त्यानेही चोरी केली नव्हती. पीक त्याच्याच जमिनीत आले होते.