चौथा आठवडा एकादशीचा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की माझ्या नगरच्या दवाखान्यात नडग्यांचा हंगाम सुरू होतो. पाथर्डीची, पारनेरची, जामखेडची पोरं एक पाय जपत आत येतात. "डॉक्टर, कायतरी गोळी द्या. ग्राउंड वीस दिवसांवर आलंय." नेमकं कुठं दुखतं ते दाखव म्हटलं की मुलगा नडगीच्या आतल्या कडेवर एकच बोट टेकवतो. मी पुढचा प्रश्न विचारतो, "शेवटची विश्रांती कधी घेतली होतीस?" उत्तर ताठ मानेनं येतं, "अडीच महिन्यांत एक खाडा नाही!"

त्याला ती शाबासकीची गोष्ट वाटते. मला त्यात दुखण्याचं कारण सापडलेलं असतं.

या मुलांची घाई मला कळते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटरवर आणि मुलींना ८०० मीटरवर मिळतात. शिवाय डोळ्यांपुढे अविनाश साबळे असतो. त्याचं मांडवा हे गाव आष्टी तालुक्यातलं. जिल्हा बीड असला तरी आष्टीकरांची रेल्वे नगरलाही येते. सैन्यात गेलेल्या या शेतकऱ्याच्या मुलानं २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. मोबाइलवर त्याची धाव दिसते. धावेनंतरची झोप, मालीश आणि हलके दिवस यांचे व्हिडिओ कुणी पाहत नाही.

हाड आधी पोखरतं, मग भरतं

पळताना दम वाढतो, स्नायू वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दम काही आठवड्यांत वाढतो आणि हाडाला महिने लागतात. सगळा घोटाळा इथं होतो.

पाऊल जमिनीवर आदळलं की हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. ते चांगलंच असतं, कारण त्यामुळेच शरीर दुरुस्तीला लागतं. पण दुरुस्तीची रीत आपल्या रस्त्यांसारखी आहे. पहिल्या साधारण तीन आठवड्यांत हाडातल्या पेशी जुना, थकलेला भाग खरवडून काढतात. नवीन हाड भरायला त्यानंतर तीनेक महिने लागतात. म्हणजे नवा सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड काही काळ आधीपेक्षाही पोकळ असतं. रस्ता उखडलाय, खडी पसरलीय, डांबर अजून यायचंय. अशा वेळी त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रोज न्यायचा की चार दिवस वळणरस्ता काढायचा, हे कोणताही शेतकरी सांगेल.

चौथ्या आठवड्याची विश्रांती म्हणजे हा वळणरस्ता. तो काढला नाही तर भेगा बुजण्याऐवजी एकमेकींना मिळतात आणि हाडाला ताणाची चीर जाते. हे दुखणं सैन्याला फार जुनं. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली. एक्स-रेचा शोध १८९५ चा, त्यामुळे ही सूज हाडाच्या चिरेची आहे हे कळायला पुढं चार दशकं गेली. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव आजही चालतं. चिलखती दल आणि यांत्रिक पायदळाची प्रशिक्षण केंद्रं असलेल्या आपल्या नगर शहरात तरी ते अनोळखी राहू नये.

विश्रांतीचा आठवडा म्हणजे काय?

"रविवारी सुट्टी घेतो की," असं अनेकजण सांगतात. रविवारची सुट्टी हवीच, पण ती कालच्या थकव्यासाठी. तीन आठवड्यांचं साचलेलं एका दिवसात फिटत नाही. विश्रांतीचा आठवडा म्हणजे सात दिवस खाटेवर लोळणंही नव्हे. त्याचा हिशेब असा ठेवा:

• तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात ते निम्म्याच्या आसपास आणा. उदाहरणार्थ ३०, ३३, ३६ किलोमीटर आणि मग १८ ते २०.

• या आठवड्यात चारच दिवस पळा, तेही गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. लांब धाव निम्मी. चांदबिबी महालाचा चढ या आठवड्यात चालत चढा आणि वरून शहर बघा.

• वेग विसरू नये म्हणून एकदा १०० मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा, मध्ये पूर्ण दम घेऊन. घड्याळ लावू नका.

• जेवण कमी करू नका. पळणं कमी झालं म्हणून भाकरी कमी, हा हिशेब चुकीचा. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांतूनच दुरुस्तीचा माल येतो.

• झोप रोज आठ तास.

शेवटचा मुद्दा गावाकडच्या मुलांसाठी सर्वांत अवघड. शेतीची लाइट अनेकदा रात्रीची. मोटार चालू करून दोन वाजेपर्यंत दारं धरायची आणि पाचला ग्राउंडवर उभं राहायचं, असा अनेकांचा दिनक्रम आहे. शरीराला यातलं कोणतं काम सरावाचं आणि कोणतं घरचं, हे कळत नाही; ते सगळं एकाच खात्यावर मांडतं. कांदा काढणीचा आठवडा पळण्याच्या वहीत भारी आठवडा म्हणूनच लिहा. हलक्या आठवड्यात पळणं निम्मं केलं आणि संध्याकाळी क्रिकेट, रात्री जिम सुरू केली, तर ती 'एकादशी, दुप्पट खाशी' झाली.

चाळिशीनंतर जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनाही हाच नियम. फक्त त्यांनी तीन आठवडे थांबू नये. दोन भारी, एक हलका, असं चक्र त्यांना मानवतं.

दम जाईल का?

ही भीती प्रत्येकाला असते. एका हलक्या आठवड्यात दम लक्षात येण्याइतका उतरत नाही. पूर्ण बंद ठेवलं तर साधारण दोन आठवड्यांनंतर घसरण जाणवू लागते, आणि इथं तर आपण बंदही ठेवत नाही आहोत. बहुतेकांना पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला पाय हलके वाटतात. कमावलेलं तेव्हा हाती लागतं. चाचणीआधीचे शेवटचे सात ते दहा दिवस याच कारणासाठी हलके ठेवा. त्या दिवसांत नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा जातो.

एक सोपी मोजणी सांगतो. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि लिहा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असं सलग तीन दिवस दिसलं, तर चौथ्या आठवड्याची वाट न पाहता सराव कमी करा. ताप असेल तर पळूच नका.

माझ्याकडे कधी यावं?

संपूर्ण नडगीवर पसरलेलं, पळायला लागल्यावर कमी होणारं दुखणं बहुधा सरावाचा भार कमी केल्यावर शमतं. पण दुखण्याची जागा एका बोटानं दाखवता येत असेल, त्या पायावर एक उडी मारताच कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा. जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. खुब्याच्या हाडाची चीर सरकली तर ऑपरेशनची वेळ येते. जोराच्या सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट मोठा दवाखाना गाठा. आणि मुलींनो, पाळी तीन महिने आली नाही तर 'पळल्यामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. ती पोट उपाशी असल्याची आणि हाडं ठिसूळ होत असल्याची खूण असू शकते.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे चीर त्यात बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पळण्याआधी डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेणं तर साफ बंद करा. वेदना हा हाडाचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून उन्हात, कमी पाण्यावर पळालात तर मूत्रपिंडही धोक्यात येतं.

त्या वीस दिवसांवर ग्राउंड असलेल्या मुलाला मी गोळी दिली नाही. नडगीची चीर भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे सांगताना त्याच्याइतकंच मलाही वाईट वाटलं. चौथा, आठवा आठवडा हलका घेतला असता तर ही वेळ बहुधा आली नसती. पण तेव्हा पाय दुखत नव्हता, मग कशाला थांबायचं, असं तो म्हणाला.

त्याच्या आजी सोबत आल्या होत्या. मी त्यांनाच विचारलं, "आजी, भूक नसेल तेव्हाच एकादशी धरता का?" त्या हसल्या. "तिथीला धरायची असती, बाबा."

मला वेगळं काही सांगायचं नाही. घरातलं कॅलेंडर काढा आणि दर चौथ्या आठवड्याभोवती आजच गोल करा. पाय ठणठणीत असला, तरी तिथी आली की पाळायची.