आधी रायफल खाली ठेवायला शिकव

बाळा, लेकीला रेंजवर नेतोयस, फार छान करतोयस. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून पोरीच्या डोक्यात रायफलच आहे. असू दे. पण सुरुवातीचे दिवस तिच्या हाती छर्रा देऊ नकोस. नेम धरणं पुढं येईलच, आधी तिला थांबता आलं पाहिजे.

कोच ‘स्टॉप’ म्हणाले की श्वास रोखलेला असो, नेम जुळत आलेला असो, बोट ट्रिगरवरून बाहेर आणि रायफल खाली. हे तिच्या अंगात मुरू दे. अगदी मारायच्या बेतात असताना तिनं रायफल उतरवली, तर त्या दिवशी तिचं तोंडभरून कौतुक कर. दहा गुण मारल्यावर करशील त्याहून जास्त कर.

नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. ‘रिकामीच आहे’ असं आपल्या घरात कुणी म्हणायचं नाही. मारून झालं की नळीतून ती रंगीत सेफ्टी दोरी आरपार घालायची, दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. कुणी टार्गेट बदलायला पुढं गेलं असेल तर रायफलला हातही लावायचा नाही. तू तिचा बाप असलास तरी हा नियम तुलाही आहे. तू मोडलास तर ती मोडणारच.

दहा मीटरच्या रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजन असतं. एवढ्याशा पोरीनं ती नुसत्या हातावर पेलली की कंबर मागं वाकते आणि तीच सवय लागते. म्हणून आधी स्टँडवर टेकवून मारू दे. नेम धरून आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर उतरव, दोन श्वास घे, पुन्हा धर. ओढून-ताणून मारू नको म्हणावं.

टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यामागं लागलात तर दोघंही रडकुंडीला याल. छर्रे एका जागी पडतात का तेवढं बघ. कोपऱ्यात का असेना, एकत्र पडले की पोरीचं बरोबर चाललंय. साइट फिरवणं कोचचं काम.

तूही शेजारच्या लेनवर मारायला शीक, जमलं तर. बापाचा छर्रा भलतीकडं गेलेला बघून पोरांना फार धीर येतो. परतताना गाडीवर गुण विचारू नकोस, तिला सांगायचे असले तर सांगेल.

घरी अंगणात, गच्चीवर, पाखरांवर अजिबात नाही. छर्रा भिंतीवरून उलटून येतो, डोळा जायला तेवढा पुरे. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडं. छर्रे शिशाचे असतात, पोरं ओठात धरतात ते चालू देऊ नकोस. आणि रेंजवरून आल्यावर डब्याला हात लावायच्या आधी दोघांनीही साबणानं हात धुवा.