आधी डेटाबेस, मग बाकीचं

फिनिक्स, ॲरिझोना

चि. मुक्ता,

तू पाठवलेली पहिल्या सत्राची यादी नीट वाचली. मशीन लर्निंग, बिग डेटा, डेटा व्हिज्युअलायझेशन. डेटाबेसच्या विषयातून सूट मिळते का ते तू बघणार आहेस आणि सिस्टिम्स ॲनालिसिस थेट शेवटच्या सत्रावर ढकललं आहेस. पुण्याच्या नोकरीत दोन वर्षं रोज एसक्यूएल वापरलं, मग त्यासाठी परत फी कशाला भरायची, असं तुझं म्हणणं. मला ही यादी उलटी करावीशी वाटते. या पदवीत ताई-दाजींची पुंजी आणि बँकेचं कर्ज दोन्ही जाणार आहे, म्हणून का ते सविस्तर लिहिते.

तुझी ही पदवी एमआयएसची (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स). एमआयएस म्हणजे ज्यांना कॉम्प्युटर सायन्स झेपत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय, असं तिकडे अजून काही जण समजतात. ते मनातून काढून टाक. कंपन्यांत कॉम्प्युटर आल्यावर पगारपत्रकं आणि हिशेब झटपट होऊ लागले, पण त्या यंत्रातून कारभार चालवणाऱ्याला नेमकं काय कळायला हवं, याचा अभ्यास कोणाच्याच खात्यात नव्हता. तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी उभा केला. आमच्या राज्यात, टुसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात, जे नुनामेकर यांनी १९७४ साली एमआयएसचा विभाग काढला. एसीएम आणि एआयएस या दोन संघटनांनी २०१६ साली या पदव्युत्तर पदवीचा नमुना आराखडा केला, त्यात क्षमतांची नऊ क्षेत्रं आहेत. डेटा हे त्यातलं एक. बाकीच्यांत सिस्टिम उभारणं, संस्थेतले बदल हाताळणं, नियंत्रण आणि धोरण, सुरक्षितता, नीतिमत्ता अशी क्षेत्रं येतात. तुझी सगळी यादी डेटा या एकाच क्षेत्राभोवती फिरते आहे.

डेटाबेस आधी का, हे बघायला आता घरातल्या कपाटातून साखर कारखान्याची यंदाची उसाची एक वजनपावती काढ. सभासदाचं नाव आणि कोड, गट नंबर, उसाची जात, वाहन नंबर, मुकादमाचं नाव, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. याची टेबलं बांध. सभासदाचं वेगळं टेबल करशील, ते सोपं आहे. पण गट तिघा भावांच्या नावावर असेल आणि ऊस एकाच्याच खात्यावर जात असेल तर? पुढच्या हंगामाआधी भावांत वाटणी झाली, तर मागच्या पावत्यांवर जुनं नाव दिसावं की नवं? शेवटच्या खेपेला एका शेताची ट्रॉली भरली नाही म्हणून शेजारच्या शेतातल्या मोळ्या वर टाकल्या, तर एका पावतीला एकच गट हा तुझा नियम तिथेच मोडतो. याची उत्तरं एसक्यूएलमध्ये नाहीत. ती चिटबॉयला, काट्यावरच्या क्लार्कला आणि शेती ऑफिसरला माहीत असतात, आणि तिघांची उत्तरं जुळतीलच असं नाही. तिघांपाशी बसून ती काढून घेणं, जुळवणं, कागदावर आणणं म्हणजे सिस्टिम्स ॲनालिसिस. त्यातून टेबलं बांधणं म्हणजे डेटाबेस डिझाइन. तू नोकरीत क्वेरी लिहिल्यास त्या दुसऱ्याने बांधलेल्या टेबलांवर. टेबलं अशीच का बांधली, हे तुला कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

टेबलं कशी बांधली याचा परिणाम थेट आकड्यांवर होतो. दोन शेतांचा ऊस असलेली ती ट्रॉली १८ टनांची होती असं धर. पावतीला दोन गट जोडलेले आहेत. पावत्यांचं आणि गटांचं टेबल जोडून एकूण टनेज काढलंस, तर तीच पावती दोन ओळींत येईल आणि १८चे ३६ टन होतील. क्वेरी विनातक्रार चालेल, कुठे लाल अक्षर दिसणार नाही. त्यावर तू देखणा डॅशबोर्ड करशील आणि संचालक मंडळ त्यावर निर्णय घेईल. हल्ली एआय अशी क्वेरी क्षणात लिहून देतो, मीही रोज वापरते. पण त्या ट्रॉलीत दोन शेतांचा ऊस होता, हे ज्याला विचारायचं सुचलं त्याच्याच हातून आकडा बरोबर निघतो.

वर्गात तुला हर्शी कंपनीचं उदाहरण हमखास भेटेल. चॉकलेटची ही बडी कंपनी १९९९ साली सगळा कारभार एकत्र चालवणारी एसएपीची ईआरपी सिस्टिम आणि आणखी दोन नव्या सिस्टिम एकदम सुरू करून बसली, तेही हॅलोविनच्या ऐन मागणीच्या तोंडावर. खर्च सुमारे ११ कोटी डॉलर. माल तयार होता, गोदामात पडून होता, तरी १० कोटी डॉलरहून जास्त ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. गर्दीच्या दिवसांत माल इकडेतिकडे मोकळ्या जागी ठेवायची तिथल्या लोकांची रीत होती आणि त्या जागांची सिस्टिममध्ये नोंदच नव्हती. गोदामातल्या माणसापाशी बसून विचारलं असतं तर हे कळलं असतं. हे प्रकरण वाचताना तांत्रिक बाजूवर फार थांबू नकोस, कोणाला काय विचारायचं राहून गेलं ते शोध.

तुझ्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचता आणि सप्टेंबरमध्ये करिअर फेअर येते, पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या मुलाखती तिथूनच सुरू होतात. बायोडेटावर काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्या सत्रात डेटाबेस, सिस्टिम्स ॲनालिसिस आणि तिसरा ॲनालिटिक्सचा एक विषय घे. सूट मागू नकोस.

पूर्ण पदवीला एकूण ३० ते ३६ क्रेडिट, म्हणजे दहा-बारा विषय. गाभ्याचे गेले की निवडीला चार-पाच उरतात, विशेषीकरण एवढ्यातच करायचं. ॲनालिटिक्सकडे सगळ्यांची रीघ आहे. जायचं असेल तर सॉफ्टवेअर शिकवणारे तीन विषय घेण्यापेक्षा संख्याशास्त्र विभागातला रिग्रेशनचा एक विषय मन लावून कर. टॅब्लो, पॉवर बीआय सुट्टीत घरी बसून येतात, त्यावर क्रेडिट घालवू नकोस. ईआरपी आणि पुरवठा साखळी ही वाट कष्टाची आहे, पण कारखान्यात रमणाऱ्याला चांगली. प्रॉडक्ट मॅनेजमेंट शिकून येतं यावर माझा फारसा विश्वास नाही.

मी ज्या कामात आहे त्या आयटी ऑडिटचं नाव तुझ्या यादीत कुठेच नाही, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. एनरॉन आणि वर्ल्डकॉमच्या घोटाळ्यांनंतर २००२ साली सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. हिशेबाचे आकडे ज्या सिस्टिममधून निघतात त्यांच्यावर नियंत्रण आहे का, हे तेव्हापासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दाखवावं लागतं. आम्ही काय बघतो? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन अजून चालू आहे का. ज्याला नवा पुरवठादार उघडता येतो, त्यालाच त्याचं बिल मंजूर करता येतं का. प्रोग्रॅममधला बदल लिहिणाऱ्यानेच तो परस्पर चालू केला का. एकेका प्रश्नासाठी हजारो ओळींची यादी चाळावी लागते आणि मग समोरच्याला न दुखावता, पण न डगमगता विचारावं लागतं. तुझा चौकस स्वभाव मला माहीत आहे, तुला हे जमेल. सुरक्षिततेचा एक विषय आणि ऑडिटचा एक विषय घेऊन बघ. आवडलं तर आयसाका या संघटनेची आयटी ऑडिटची सीसा परीक्षा शिकत असतानाही देता येते. प्रमाणपत्र मात्र कामाचा अनुभव झाल्यावरच मिळतं. मी यात आहे म्हणून तू यावंस असा आग्रह नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी बाहेरची खरी संस्था मिळत असेल तर तीच घे, मग ती शहरातली अन्नबँक असली तरी चालेल. तयार डेटा डाउनलोड करून केलेल्या प्रकल्पात कोणाशी बोलावंच लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट, ती आजच कर. पदवीचं नाव सारखं असलं तरी विद्यापीठं तिची नोंद विषयांच्या सरकारी वर्गीकरणातल्या वेगवेगळ्या सीआयपी कोडखाली करतात. काही कोड स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसतात, काही नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे शिक्षणानंतर अमेरिकेत कामाचे १२ महिने मिळतात, स्टेममध्ये बसलं तर वर आणखी २४. तुझ्या आय-ट्वेंटी फॉर्मवर कोड छापलेला असतो. तो बघ, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी खात्री करून घे, आणि उत्तर आलं की मला पाठव. कोड यादीत नसेल तर तुझ्या हातातल्या दुसऱ्या प्रवेशाचा विचार पैसे भरायच्या आधी करावा लागेल, आणि त्याबद्दल दाजींशी मी स्वतः बोलेन.

तुझी,
सुमामावशी