माजी सैनिक, जड वाहन आणि वेळेवर न केलेले कागद

सैन्यदलात वाहनचालक म्हणून नोकरीचा मोठा काळ स्टिअरिंगवर काढलेला जवान निवृत्त होऊन लातूर, औसा किंवा उदगीरला परततो, तेव्हा ट्रकवरचे काम त्याला सहज मिळेल असे तो स्वतः आणि घरचे सगळेच गृहीत धरतात. ही अपेक्षा कौशल्याच्या दृष्टीने रास्त असली, तरी कागदपत्रांच्या दृष्टीने ती बहुधा फसते. आणि फसते ती अशा वेळी, की युनिट हजार-दीड हजार किलोमीटर मागे राहिलेले असते आणि तिथल्या कारकुनाला एक सही मागायलाही रजेवरच्या ओळखीच्या माणसाची वाट पाहावी लागते. परतलेल्या चालकांच्या अनुभवांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते, ती म्हणजे या कामापुरता सैनिकाचा प्रशिक्षणाचा खरा लाभ सेवामुक्तीच्या आधी पदरात पाडून घ्यायचा असतो.

या बाबतीत अमेरिकेतील व्यवस्थेविषयीच्या ऐकीव माहितीमुळेही गैरसमज वाढतो. तेथे 1944 च्या जी. आय. बिलापासून शिक्षणाचा लाभ सैनिकाला स्वतःला मिळत आला आहे, आणि 2001 नंतरच्या सेवेसाठी केलेल्या नव्या कायद्यानुसार एखादा माजी सैनिक मान्यताप्राप्त शिकाऊ उमेदवारीत, म्हणजे पगार घेत काम शिकण्याच्या पद्धतीत, ट्रक चालवू लागला, तर पगाराशिवाय त्याला घरभाड्याचा भत्ता मिळतो. तो पहिले सहा महिने पूर्ण, नंतरचे सहा महिने 80 टक्के, पुढे 60 टक्के असा उतरत जातो, कारण तोवर त्याचा पगार वाढत जाईल असे कायदा धरून चालतो. भारतात शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे, परंतु त्याची घडण तरुण, नवख्या कामगारासाठी झालेली आहे. माजी सैनिकांच्या घरात जी शिष्यवृत्ती सर्वांना ठाऊक असते, ती पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना सैनिकांच्या मुलांसाठी व विधवांसाठी, तीही व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण अनुदानही मुख्यतः मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी असते. त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, लोकांच्या तोंडच्या सैनिक बोर्डात, ‘ट्रकच्या ट्रेनिंगची स्कॉलरशिप’ विचारणाऱ्या जवानाला मुलीच्या इंजिनिअरिंगचा अर्ज हाती पडतो, आणि त्यात कारकुनाचा काही दोष नसतो.

जवानाला स्वतःला मिळणारे प्रशिक्षण संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडून, म्हणजे जवानांच्या बोलण्यातल्या डीजीआरकडून, सेवेच्या अखेरच्या टप्प्यात दिले जाते. जवान व जेसीओ यांच्या अभ्यासक्रमाचा खर्च सरकार उचलते, तर अधिकाऱ्यांना शुल्काचा काही भाग स्वतः भरावा लागतो. अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी बदलते, म्हणून त्यात जड वाहनाशी निगडित काही नसेल, तर गुदाम आणि मालपुरवठ्याचा अभ्यासक्रम घेणे हा दुय्यम पर्याय ठरत नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला आणखी वीस वर्षे केबिनमध्ये काढण्यापेक्षा वाहतूक कंपनीत गाड्यांची व्यवस्था पाहण्याचे काम अधिक झेपणारे असते. सहकाऱ्यांच्या मागोमाग जो मिळेल तो कोर्स करून मोकळे होण्याची सवय मात्र महागात पडते.

सर्वांत जास्त गफलत लायसन्सच्या बाबतीत होते, आणि तिचे मूळ मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 18 मध्ये आहे. या कलमानुसार संरक्षण कामासाठीची केंद्र सरकारची वाहने चालवण्याचा परवाना लष्करी अधिकारी देऊ शकतात आणि तो देशभर चालतो; परंतु त्याच कलमात हेही स्पष्ट म्हटले आहे की त्या परवान्यावर इतर कोणतेही वाहन चालवता येणार नाही. म्हणजे जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेला स्टॅलियन ट्रक ज्याने सियाचीनच्या वाटेवर चालवला, त्याला त्या परवान्यावर औशाच्या टोलनाक्यावरून सोयाबीनची गाडी नेण्याचा कायदेशीर अधिकार नाही, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करून भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मागणी करते व मालक ती चालकावर ढकलू पाहतो. याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. कलम 9 नुसार ज्याच्याकडे कलम 18 खालचे लायसन्स आहे किंवा पूर्वी होते, त्याला त्याच वर्गाच्या वाहनाचे नागरी लायसन्स मिळवताना चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही, मात्र तसा पुरावा हाती असावा लागतो. हा पुरावा म्हणजे खुद्द ते लायसन्स किंवा त्याची साक्षांकित प्रत. सेवामुक्तीच्या धावपळीत ते युनिटकडेच जमा होऊन गेले आणि डिस्चार्ज बुकात वाहनाच्या वर्गाची नोंद ‘ड्रायव्हर एमटी’ एवढ्या दोन शब्दांतच राहिली, तर आरटीओच्या खिडकीपलीकडच्या माणसाला हलके वाहन कोणते आणि जड कोणते हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मग तोच चालक, ज्याने रंगरुटांना गाडी शिकवली, गल्लीतल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी भरून नव्या मुलांच्या रांगेत उभा राहतो.

हे टाळण्यासाठी सेवामुक्तीच्या किमान वर्षभर आधी, रजेवर आले असताना, एमएच 24 म्हणजे लातूरच्या किंवा एमएच 26 म्हणजे नांदेडच्या परिवहन कार्यालयात नागरी लायसन्सचे काम सुरू करावे, कारण मालवाहू वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन्स एक वर्ष जुने असण्याची अट सर्वसाधारण अर्जदाराला लागू असते. शून्यातून शिकणाऱ्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातला जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा आहे. पेट्रोल-डिझेलचा टँकर किंवा रसायने नेणाऱ्या गाडीला वेगळ्या प्रशिक्षणाची आणि लायसन्सवर वेगळ्या नोंदीची गरज असते; ही नोंद तीन वर्षे टिकते, तर साध्या मालवाहू लायसन्सची मुदत पाच वर्षे आहे. एसटीत राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे माजी सैनिकांसाठी 15 टक्के जागा असल्या, तरी प्रवासी वाहनाच्या बिल्ल्याशिवाय चालकाचा अर्ज पुढे सरकत नाही. कागद पूर्ण होईपर्यंत मधला मार्गही आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलेल्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, त्यामुळे पिकअप किंवा लहान टेम्पोवर काम सुरू करून बाहेरचा रस्ता समजून घेता येतो.

तो रस्ता खरोखर वेगळा असतो. सैनिकी ताफ्यात वेग, दोन गाड्यांमधले अंतर, थांबण्याची जागा आणि गाडीतले वजन दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, निघण्याआधी तेल-पाणी-टायर यांची पाहणी सक्तीची असते आणि चूक झाली तर जाब विचारणाराही ठरलेला असतो. लातूरच्या आडत बाजारात संध्याकाळी गाडी भरताना हमाल पोत्यांची आणखी एक थप्पी चढवतात, कारण भाडे टनावर ठरलेले असते. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, वजन वेगळे आणि काट्यावर वेगळे निघते, आणि ‘चालतंय हो, फौजी’ म्हणून गाडी रस्त्याला लागते. दहा टायरच्या तीन आसांच्या ट्रकला 2018 च्या सुधारणेपासून गाडीसकट 28.5 टनांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास केंद्रीय कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. तुळजापूर–नागपूर महामार्गावर रात्री पकडला जातो तो चालक, मालक नव्हे. दिवसाला सर्वसाधारणपणे आठ तासांच्या कामाची मर्यादा मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 ने (2025 पर्यंत लागू) घालून दिली होती, पण मुक्कामाला वेळेत पोहोचण्याच्या दडपणापुढे ती मर्यादा विचारण्याची हिंमत नव्या चालकाला होत नाही. शिस्तीची सवय असलेल्या माणसाला हेच सर्वांत जड जाते. ज्यांनी पहिल्या महिन्यातच काट्याची पावती स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली, त्यांचे मालकाशी खटके उडाले खरे, पण दंड खिशातून गेला नाही.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येईल. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून आलेली रक्कम एकत्र हाती येते, त्याच आठवड्यात कोणी जुना ट्रक घेऊन दारात उभा राहतो, आणि पेन्शनचा विकलेला भाग पूर्ववत व्हायला 15 वर्षे लागतात याची त्या वेळी कोणी आठवण करून देत नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. तो, परमिट, कर, विमा, थकलेले चलन आणि आरसी पुस्तकावरचा बँकेचा बोजा, एवढे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये, आणि निदान वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवल्याशिवाय स्वतःची घेऊच नये. ‘डीजीआरमधून नंबर लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. नोंदणी सैनिक बोर्डात होते, आणि पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, थेट चौकशी करता येते.

हे सर्व आता आणखी एका वर्गाला लागू होणार आहे. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीरांना चार वर्षांनंतर सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी आणि कौशल्य प्रमाणपत्र मिळते. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मात्र मिळत नाही, म्हणून सैनिक बोर्डाच्या सवलतींवर त्यांनी आशा ठेवू नये. लातूर-नांदेडच्या ज्या अग्निवीरांनी सेवेत जड वाहन चालवले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी कलम 18 चे लायसन्स आणि वाहनाच्या वर्गासह लिहिलेले अनुभवपत्र सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावे. कलम 9 मधली परीक्षेची सूट मिळण्यासाठी माजी सैनिक असण्याची अट नाही.