मधला स्पीकर कशासाठी?

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवलंय. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उंच स्पीकर आहेत आणि खाली एक आडवा. मुलगा म्हणतो, आडवा काढून टाकला तरी चालेल, डावा-उजवा मिळून आवाज मधोमधच येतो. मी सोफ्यावर मधे बसून ऐकलं, तर त्याचं पटलं. पण सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि दर पाच मिनिटांनी “काय म्हणाला तो?” विचारतात. हा मधला स्पीकर नेमकं करतो तरी काय?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : मुलाचं म्हणणं सोफ्याच्या मधल्या जागेपुरतं खरं आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत ते टिकत नाही.

दोन स्पीकरमधून अगदी एकसारखा आवाज निघाला आणि आपण दोघांपासून सारख्याच अंतरावर असलो, तर मेंदू तो आवाज मधून आला असं धरतो. प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं. घरीच करून पाहा. मधला स्पीकर बंद ठेवून बातम्या लावा आणि बरोबर मधोमध बसा. निवेदिकेचा आवाज तिच्या तोंडातूनच येतोय असं वाटेल. आता डोळे मिटून फूटभर उजवीकडे सरका. आवाज तिला सोडून उजव्या स्पीकरकडे निघालेला ऐकू येईल. फूटभर सरकल्याने दोन आवाजांच्या पोचण्यात जो फरक पडतो, तो एक मिलिसेकंदाचाही नसतो, पण कानाला तेवढा पुरतो. जो आवाज आधी पोचला त्याच्यावरून दिशा ठरवायची आणि मागून आलेला त्यातच मिसळून टाकायचा, ही आपल्या ऐकण्याची रीतच आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९मध्ये तिचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून तिला ‘हास परिणाम’ही म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना पडद्यावरचा माणूस समोर दिसतो आणि त्याचं बोलणं मात्र खिडकीकडच्या स्पीकरमधून येतं.

मधोमध बसणाऱ्यालाही थोडी किंमत मोजावी लागतेच. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, आणि लांबचा आवाज डोक्याला वळसा घालून किंचित उशिरा, सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाने, पोचतो. त्यामुळे साधारण २००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात. नेमका हाच पट्टा शब्द समजायला महत्त्वाचा. स्वरांचं बळ खालच्या पट्टीत असतं, पण ‘सात’ की ‘साथ’, ‘पाट’ की ‘पाठ’ हे ज्या बारीक खुणांवरून कळतं, त्यातल्या पुष्कळ या भागात आणि याच्या वर असतात. खरोखरचा एकच स्पीकर मधे असला की ही खोडाखोड होत नाही.

हे शहाणपण जुनं आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. त्यासाठी त्यांनी तीन वाहिन्या वापरल्या : डावी, मधली, उजवी. सभागृहात श्रोते या टोकापासून त्या टोकापर्यंत बसलेले असतात, सगळे काही मधल्या रांगेत नसतात. चित्रपटगृहाचीही अडचण हीच, म्हणून तिथे मधला स्पीकर पडद्याच्या मागेच उभा असतो. आवाज पलीकडे जावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रं पाडलेली असतात. संधी मिळाली तर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघा, ती दिसतात.

आता मुलाला दाखवण्यासारखी गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईनंतर मामांचा फोन आला, “टीव्हीवरची माणसं नुसती तोंडं हलवतायत.” जाऊन पाहिलं. न्यायालयातला प्रसंग चालू होता. पार्श्वसंगीत भरपूर, खुर्च्या सरकल्याचे आवाज स्वच्छ, आणि वकिलाचं बोलणं मात्र दूरच्या विहिरीतून यावं तसा फक्त घुमारा. शोकेस पुसताना मधल्या स्पीकरची काळी वायर मागून निसटली होती. ती खोचली आणि वकील खोलीत आला. संवाद बहुतेक सगळे मधल्या वाहिनीवर ठेवतात, बाजूंच्या वाहिन्यांना त्यांचा जो थोडा घुमारा दिलेला असतो तेवढाच मामांना ऐकू येत होता. पाच स्पीकरच्या घरात सिनेमाचा सर्वांत मोठा वाटा उचलणारा स्पीकर हाच, आणि खरेदी करताना उरलेल्या पैशांत बसवला जातो तोही हाच. याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाला हा स्पीकर काढायचाच असेल, तर नुसती वायर उपसून भागणार नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही’ असं सांगावं लागतं, म्हणजे तो संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो. नाहीतर मामांच्या घरासारखं होईल.

पण काढू नका. जागा सुधारा. टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल, तर तो कडेपर्यंत पुढे ओढा, नाहीतर खणाच्या फळीवरून आपटून आलेला आवाज बोलणं घोगरं करतो. तोंड गुडघ्यांकडे असेल, तर पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा सारून ते बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवा. आडव्या स्पीकरची जाळी काढून पाहा : मधे ट्वीटर आणि दोन्ही अंगांना एकेक वूफर अशी मांडणी असेल, तर फार कडेला बसणाऱ्याला दोन वूफरचे आवाज थोडे पुढेमागे पोचतात आणि शब्द पुन्हा पातळ होतात. सासऱ्यांची खुर्ची दोन हात मधे घेता आली तर घ्याच. पुढे कधी नवा घ्यायचा झाला, तर बाजूच्या स्पीकरच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे माणूस डावीकडून उजवीकडे बोलत गेला तरी त्याचा आवाज वाटेत बदलणार नाही. ट्वीटर मधल्या पट्टीच्या स्पीकरच्या वर बसवलेला मिळाला, तर कडेच्या खुर्चीलाही न्याय मिळतो.

शेवटी रिमोट हातात घ्या आणि फक्त सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. पूर्ण आवाज वाढवला की स्फोट आणि गाणीही वाढतात, घरातले वैतागतात आणि कोणीतरी पुन्हा कमी करतं. त्यात ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला पुन्हा ऐकू येत नाही.

प्रश्न : जुने मराठी चित्रपट लावले की सगळा आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून येतो, बाजूचे गप्प. सेटमध्ये बिघाड आहे का?
(आणखी एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बिघाड नाही. १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्या. त्याचा आवाज एकेरी, एकाच वाहिनीचा आहे. आज तो दोन वाहिन्यांवर सारखाच भरलेला मिळतो, आणि तुमचा रिसीव्हर ‘सराउंड’वर असेल, तर दोन्हीकडे जे सारखं आहे ते मधलं, असं समजून सगळं तिकडेच पाठवतो. त्या काळच्या थिएटरातही आवाज पडद्यामागूनच यायचा, त्यामुळे हे ऐकणं मूळच्या जवळचंच आहे. मधला स्पीकर लहान असल्याने आवाज किरकिरा वाटत असेल, तर रिमोटवर ‘स्टीरिओ’ निवडा. आवाज भरदार होईल, पण मग मधोमध बसा.