तीन हातांचे प्रतिपिंड

रोगाचा जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखून धरणारी प्रथिने रक्तातील काही पांढऱ्या पेशी तयार करतात. त्यांस प्रतिपिंड म्हणतात. प्रतिपिंड गलोलीच्या बेचक्यासारखे असते व त्याची दोन्ही टोके एकाच प्रकारची खूण धरतात.

कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरात उपजलेली. म्हणून संरक्षक टी पेशी पुष्कळदा तिला ओळखत नाहीत. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक हात कॅन्सर पेशीला व दुसरा टी पेशीला धरील असे प्रतिपिंड रचले. अशा ब्लिनाटुमोमॅब औषधास अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली.

परंतु कॅन्सर पेशी आपली खूण टाकून निसटू शकते. यावर मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीच्या इक्नोस ग्लेनमार्क इनोव्हेशन या संस्थेने तीन हातांचे ‘आयएसबी २००१’ तयार केले. ते अस्थिमज्जेतील मायलोमा या कॅन्सरसाठी आहे. त्याचे दोन हात मायलोमा पेशीवरील बीसीएमए व सीडी३८ या खुणा धरतात, तिसरा टी पेशीवरील सीडी३ धरतो. एक खूण गेली तरी दुसरी पकड राहते. जुलै २०२५ मध्ये ॲबव्ही या अमेरिकन कंपनीने ७० कोटी डॉलर आगाऊ देऊन काही देशांतील हक्क घेण्याचा करार जाहीर केला.

यात धोकाही आहे. टी पेशी फार चवताळल्या तर तीव्र ताप येतो, रक्तदाब उतरतो. शिवाय काही निरोगी पेशींवरही याच खुणा असतात. म्हणूनच चाचण्या पायरीपायरीने होतात. घरात रुग्ण असल्यास बातमी वाचून चालू उपचार सोडू नयेत. डॉक्टरांस मात्र अवश्य विचारावे.